बियाण्याच्या खोलीची फरशी

वैशाख सरत आला, की अणदूरच्या शिवारात खरिपाची लगबग सुरू होते. घरचे सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवणारे शेतकरी पोती उघडून उगवणशक्ती पाहू लागतात. अशाच एका घरी आम्ही वरच्या व तळच्या पोत्यांतील शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. वरच्या पोत्यातील सत्तरांहून अधिक दाणे उगवले. तळच्या पोत्यातील निम्मेही उगवले नाहीत. शेत एकच, मळणीही एकाच दिवशीची. घरधनी क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, “साहेब, बी जिवापाड जपलं, पण ते कशावर ठेवलंय, हे पाहायचं राहूनच गेलं.”

सोयाबीनचे बीजावरण पातळ असते व ओल लागताच उगवणशक्ती झपाट्याने घटते. प्रमाणित बियाण्यात किमान 70 टक्के उगवण असावी व ओलावा 12 टक्क्यांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. खोलीची जमीन ओल धरीत असेल, तर उत्तम वाळविलेले बियाणेही तेथे टिकत नाही. जमिनीची परीक्षा सोपी आहे. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून कडा ओल्या मातीने न लिंपता चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी कागदाच्या खालच्या अंगास दंव दिसले, तर ओल वर येत आहे असे समजावे.

यावर आपल्या भागातील उपाय म्हणजे शहाबादी फरशी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील हा दगड स्वच्छ ठेवण्यास सोपा असतो. ती बसविण्यास यंत्र लागत नाही. दोरी, गुण्या, पाणसळ, थापी, छिन्नी, हातोडा व धुम्मस एवढी अवजारे पुरेत.

काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर फरशी टिकत नाही. म्हणून खोलीतील काळी माती हातभर काढावी व मुरूम वीत-वीतभर थरांनी भरून, पाणी शिंपडून, धुम्मसाने चोपावा. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. जोडावर वीतभर कागद एकावर एक यावा व कडा भिंतीलगत वर घ्याव्यात. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे एका भिंतीवर 3 फूट व दुसरीवर 4 फूट मोजून पाहावे. त्या दोन खुणांतील अंतर बरोबर 5 फूट भरले पाहिजे.

मग दोरी ताणून, दाराच्या समोरील भिंतीपासून आरंभ करावा व मागे सरकत दाराशी यावे. एक भाग सिमेंट व सहा भाग वाळूच्या मालावर फरशी टेकवून हलकेच ठोकावी. हातोडा दगडावर थेट मारू नये. मध्ये लाकडी ठोकळा धरावा. आवाज पोकळ आला, तर फरशी उचलून खाली माल भरावा. पोकळी राहिली, की ओझ्याने फरशी तडकते. शेवटी सांधे सिमेंटने भरून आठवडाभर पाणी मारावे व पूर्ण वाळल्यावरच पोती आत आणावीत.

शहरांत थरावर थर चिकटवून केलेल्या लाकडी फळ्या एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घालून ठोकून बसवितात. तेथेही नियम हेच: तळ कोरडा व सपाट, पहिली ओळ सरळ, हातोड्याखाली ठोकळा. मात्र लाकूड ओलीने फुगते, म्हणून भिंतीलगत फट सोडावी लागते. बियाण्याच्या खोलीस ती जमीन सोयीची नव्हे.

फरशी झाली, तरी पोती तिच्यावर थेट रचू नयेत. खाली लाकडी फळ्या असाव्यात, थप्पी भिंतीपासून दूर असावी व पोते उंचावरून आपटू नये. पेरणीपूर्वी उगवण तपासणे तर चुकवूच नये. दुबार पेरणीचे संकट पुष्कळदा आभाळातून येते, त्याला आपला इलाज नाही. जे जमिनीतून पोत्यात शिरते, ते मात्र उन्हाळ्यातील पंधरा-वीस दिवसांच्या श्रमाने थांबविता येते.