उमेचं वाळवण

पिकलेलं उमे मिनाबेत सहसा कुणी झाडावरून तोडत नाही. झाडांखाली उतारभर निळी जाळी अंथरलेली असतात. रात्रीतून फळं टपटपतात, घरंगळत जाळीच्या तळाशी गोळा होतात आणि सकाळी माणसं टोपल्या घेऊन वेचायला जातात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी मैत्रिणीच्या माहेरी पोचले तेव्हा वेचणी ऐन भरात होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

मैत्रीण शिकायला पुण्यात होती तेव्हा सदाशिव पेठेत आम्ही एका खोलीत राहायचो. तिचं मराठी अजून पेठेतलंच आहे. ‘राहा हवं तितकं, पण फुकट जेवायला मिळणार नाही,’ असं तिनं आधीच बजावलं होतं. मिनाबे हे वाकायामा प्रांतातलं समुद्राकाठचं गाव, ओसाकाहून रेल्वेनं दोनेक तासांवर. जपानमधलं निम्म्याहून जास्त उमे या एका प्रांतात पिकतं. इथली नामांकित जात नान्को. १९५० पासून पाचेक वर्षं गावातल्या झाडांची पारख करून ती निवडली, तिच्या नावात त्या कामाला जुंपलेल्या गावच्या शाळेचाही अंश आहे. उमेला प्लम म्हणायची पद्धत पडली आहे, पण नातं जर्दाळूशी जास्त जवळचं. लिंबाएवढं पिवळं फळ, एका गालावर लाली, आणि वास असा की घरात शिरल्यापासून भूक लागावी. नुसतं खायला गेलात तर दात आंबतात.

माझ्याकडे काम आलं देठांचं. फळाच्या बेचक्यात एक काळा ठिपका राहतो. बांबूच्या काडीनं तो अलगद उचकटायचा, साल फाटू द्यायची नाही. दहा किलो फळं. दुसऱ्या तासाला माझी मान गेली. शेजारी बसलेल्या ओकाआसान, म्हणजे मैत्रिणीची आई, माझ्या तिप्पट वेगानं काडी चालवत होत्या आणि मधूनच माझ्या ढिगातलं एखादं फळ उचलून, काही न बोलता, पुन्हा माझ्याचपुढे ठेवत होत्या.

मग मीठ. वजनकाट्यावर बरोबर अठराशे ग्रॅम, म्हणजे शेकडा अठरा. मायलेकींची वार्षिक वादावादी इथंच होते. मैत्रिणीला रक्तदाबाची धास्ती, तिला दहा टक्के हवं. ओकाआसानचं उत्तर ठरलेलं: ‘मग सोबत फ्रीजही विकत घे.’ दुकानातली मधाची गोडसर उमेबोशी त्या खात नाहीत. खारवून वाळवलेल्या फळाचं मीठ पाण्यानं उतरवायचं आणि मग त्याला मधाची चव लावायची, हा त्यांच्या मते शुद्ध वेडेपणा. मी ती खाल्ली, मला आवडली, पण त्या घरात हे बोलायची माझी छाती झाली नाही.

बरणीत फळांचा थर, मिठाचा थर, वर लाकडी झाकण आणि त्यावर दगडाचं दडपण. चारेक दिवसांत फळं आपल्याच पाण्यात बुडाली. ते पाणी चाखलं आणि मी ओरडलेच, ‘अगं, हे तर आगळ!’ मालवणात आजी कोकमाची सोलं खारवायची तेव्हा खाली असाच रस सुटायचा. सोलं वाळवायची, त्याच रसात बुडवायची, पुन्हा उन्हात. फरक एवढाच की आमच्याकडची सगळी धावपळ पावसाच्या अलीकडची. मे संपत आला की आजी ढगांकडे संशयानं बघायची. इथं फळच पावसात पिकतं; जपानीत या पावसाचं नाव लिहिताना ‘उमे’ आणि ‘पाऊस’ अशी दोन अक्षरं काढतात. तेव्हा घाई कुणाला नसते. बरणी झाकायची आणि पाऊस संपायची वाट बघायची.

वाट बघताना एक घोटाळा झाला, तो माझा. दुसरी छोटी बरणी पुसायचं काम माझ्याकडे होतं. आतून दमट राहिली असणार, कारण आठवड्यानं रसावर पांढरी साय धरली. ओकाआसाननी ती पळीनं काढली, फळं शोचूनं, म्हणजे कडक दारूनं, धुतली आणि रस उकळून गाळला. मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी बरणी पुसायला मात्र मैत्रिणीला हाक मारली.

जून सरता सरता बाजारात तांबडा शिसो आला. तुळशीच्याच कुळातली पानं, जांभळट. मीठ लावून मळली की काळपट फेसाळ पाणी सुटतं; ते कडू, फेकून द्यायचं. पुन्हा मीठ, पुन्हा मळणं. मग त्या मलूल गोळ्यावर बरणीतला आंबट रस ओतला आणि एका क्षणात सगळं रक्तासारखं लाल. कारण साधं आहे: पानातला रंग आंबटाला भेटला की लाल होतो. कारण माहीत असूनही मी तीनदा बघितलं.

जुलैच्या विशीत पाऊस उघडला. दुसऱ्या दिवशी गावात जिथं तिथं बांबूच्या उथळ परड्या आणि त्यांवर ओळीनं मांडलेली लाल फळं. एकाला दुसरं चिकटता कामा नये. तीन दिवस, तीन रात्री. दुपारी एकेक उलटायचं. ऊन इतकं की परडी हाताला चटका देते, आणि फळ परडीला चिकटलेलं असतं. ओढाल तर साल जाते.

पहिल्या संध्याकाळी सवयीनं मी परडी उचलायला गेले. ओकाआसाननी हात धरला. वाळवण रात्री बाहेर? मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, ‘दव पडेल गो, आत घे!’ मैत्रिणीनं भाषांतर केलं. ओकाआसान हसल्या: दव पडावं म्हणूनच तर. दवानं साल मऊ पडते, पहाटे फळ परडीवरून आपसूक सुटतं. आईला हे पटलं नाही. ‘आणि मांजरं?’ तिनं विचारलं. याचं उत्तर भाषांतरात हरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ओकाआसाननी मला कानाची पाळी चिमटीत धरायला लावली, मग फळ. तितकंच मऊ लागलं की झालं. झालं होतं. फळं पुन्हा बरणीत गेली, झाकणावर कागद बांधून साल लिहिलं. फाटलेली चार निघाली. ती बरणीत ठेवत नाहीत, त्याच दिवशी भाताबरोबर संपवतात.

चारही माझ्या वाडग्यात आली.