आधी रोजमेळ, मग खतावणी

बदलापूर पश्चिमेला राहणाऱ्या एका व्यापारी कुटुंबात पावसाळ्याच्या तोंडावर एक वाद निर्माण झाला. वाद वाटणीचा नव्हता, उधारीचाही नव्हता. चित्रपट कोणत्या क्रमाने पाहायचे, एवढाच होता. थोरली मुलगी बारावी उत्तीर्ण झाली होती आणि पुढील शिक्षणासाठी पुण्याच्या वसतिगृहात जाणार होती. जाण्यापूर्वी आजोबा, आई-वडील आणि धाकटा भाऊ यांच्यासमवेत ‘स्टार वॉर्स’ ही विज्ञानकथेवरील चित्रपटमालिका पाहावी, अशी तिची इच्छा होती. तिने स्वतः ती मैत्रिणींबरोबर पाहिली होती. इतरांना मात्र ती सर्वस्वी नवी होती.

प्रश्न वेळेचा होता. या मालिकेचे मुख्य भाग नऊ. सगळे पाहायचे तर सुमारे वीस तास लागतात. वडील रात्री नऊ वाजता दुकानाचे शटर ओढून घरी येत. त्यामुळे दुकानाच्या सुट्टीची संध्याकाळ, तीही सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यानंतरची, एवढीच सर्वांच्या वाट्याला येणारी. पर्युषण पर्वात घरातील टीव्ही बंद असतो, हेही ठरलेले. हिशेब मांडला तेव्हा हाती सहा आठवडे उरले. म्हणजे सहाच चित्रपट.

धाकट्याचे म्हणणे सरळ होते. “भागांना क्रमांक दिलेत ना? मग एकपासून सहापर्यंत पाहायचे. चौथ्या भागापासून कोणी सुरुवात करतं का?”

बहीण म्हणाली, “१९७७ साली सगळ्या जगाने चौथ्यापासूनच केली होती.”

क्रम प्रेक्षकाच्या हाती आला

हा प्रश्न आजच्या पिढीपुढेच उभा राहिला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा कोणता भाग आधी पाहावा, असा विचार कोणाच्याही मनात आला नाही. जो भाग लागेल तो पाहायचा आणि पुढच्या रविवारची वाट पाहायची. चित्रपटगृहातही जो चित्रपट लागला असेल तोच पाहायचा असे. आता मोबाइलवर आणि टीव्हीवर संपूर्ण कपाटच उघडे झाले आहे. चाळीस-पन्नास वर्षांतील सगळे भाग एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि निवडीचे ओझे घरच्यांवर येते.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत गुंता अधिक आहे. जॉर्ज ल्युकास यांचा पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे नाव केवळ ‘स्टार वॉर्स’ होते. त्यावर कोणताही क्रमांक नव्हता. १९८० साली दुसरा चित्रपट आला, तो ‘भाग पाचवा’ म्हणून. मग १९८१ मध्ये पहिला चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्याच्या आरंभी ‘भाग चौथा’ अशी ओळ घालण्यात आली. १९८३ साली सहावा भाग आला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘भाग पहिला’ अवतरला. २००२ मध्ये दुसरा आणि २००५ मध्ये तिसरा. सातवा, आठवा आणि नववा हे भाग २०१५ ते २०१९ या काळातले. थोडक्यात, क्रमांक कथेतील काळाचे आहेत, निर्मितीचे नव्हेत.

यात बिघडते काय? १९८० च्या चित्रपटाच्या अखेरीस एक नाते अचानक उघड होते आणि आधी पाहिलेल्या सगळ्या प्रसंगांचा अर्थ पालटतो. ते नाते कोणते, हे येथे सांगणे न पाहिलेल्या वाचकांवर अन्याय करणारे ठरेल. मात्र नंतर निर्माण झालेल्या पहिल्या तीन भागांत तेच नाते उघडपणे मांडले आहे, कारण प्रेक्षकाला ते ठाऊक आहे असे ते भाग गृहीतच धरतात. एकपासून सुरुवात करणाऱ्याला कथा समजते, पण तो धक्का त्याच्या वाट्याला येत नाही. आणि एकदा गेलेला धक्का पुन्हा मिळवता येत नाही.

आजोबांचा निवाडा

वाद आजोबांपुढे गेला. आजोबांनी संगणक येण्यापूर्वी चाळीस वर्षे लाल कापडी बांधणीच्या वह्यांत दुकानाचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “रोजमेळ आधी लिहितात की खतावणी?”

व्यापारी घरातील मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. रोजमेळात व्यवहार ज्या दिवशी, ज्या ओळीने घडला, त्या ओळीने लिहिला जातो. सकाळी साखर विकली, दुपारी भाडे दिले, संध्याकाळी जुनी उधारी आली. सगळे एकाखाली एक. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावले जातात, म्हणजे एखाद्या माणसाचा आरंभापासूनचा सारा हिशेब एका पानावर दिसतो. खतावणी अधिक सुबक दिसते हे खरे. पण रोजमेळाशिवाय ती तयार होत नाही.

चित्रपट ज्या क्रमाने आले तो रोजमेळ, आणि कथेतील वर्षांप्रमाणे लावलेला क्रम ही खतावणी, असा आजोबांच्या बोलण्याचा आशय होता. निवाड्यात एक व्यावहारिक मुद्दाही त्यांनी जोडला. “सहा आठवडे म्हणता, पण पावसाचा आणि प्रवेशाचा काय भरवसा? मध्येच थांबावं लागलं तर कुठवर गोष्ट पुरी झालेली असेल?” चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन मिळून एक संपूर्ण कथा होते. पहिले तीन पाहून थांबले, तर प्रेक्षक अंधारात उभा राहतो. या मुद्द्यावर धाकट्यानेही माघार घेतली.

कथनाच्या दोन जुन्या वाटा

घटनेचा क्रम आणि सांगण्याचा क्रम निराळे असू शकतात, ही गोष्ट आपल्या वाचकांना तशी अपरिचित नाही. पूज्य ग्रंथांची चित्रपटांशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही; केवळ कथनाची ओळ पाहावी. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात चरित्रे भगवान महावीरांपासून सुरू होतात. नंतर पार्श्वनाथ, मग अरिष्टनेमी, आणि भगवान ऋषभदेवांचे चरित्र अखेरीस येते. निकटच्या काळापासून आरंभ करून कथन मागे मागे जाते. याउलट हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त पहिल्या पर्वात ऋषभदेव आहेत आणि दहाव्या पर्वात महावीर. दोन्ही वाटा आदरणीय आहेत. ज्याने ज्या ओळीने सांगितले, त्या ओळीने ऐकण्यात सांगणाऱ्याचा हेतू राखला जातो.

इतर मालिकांचा हिशेब

सर्वच मालिका इतक्या अवघड नाहीत. आपल्याकडील राकेश रोशन यांची मालिका घ्यावी. ‘कोई... मिल गया’ २००३ साली आला, ‘क्रिश’ २००६ मध्ये आणि ‘क्रिश ३’ २०१३ मध्ये. ‘क्रिश २’ शोधणाऱ्या मुलांची पुष्कळ फसगत होते, कारण त्या नावाचा चित्रपटच नाही, तिसऱ्याने ‘कोई... मिल गया’ला पहिला धरून आपला क्रमांक लावला आहे. येथे निर्मितीचा आणि कथेचा क्रम एकच आहे. पहिला चित्रपट मात्र गाळू नये. नातवाची विलक्षण शक्ती जगापासून लपवण्यासाठी आजी एवढी का धडपडते, हे तो पाहिल्याशिवाय उमगत नाही.

‘बॅक टू द फ्यूचर’चे तीन भाग १९८५, १९८९ आणि १९९० मध्ये आले. त्यांत माणसे काळात मागेपुढे प्रवास करतात. तिसऱ्या भागातील बहुतेक कथा १८८५ सालात घडते. वर्षांप्रमाणे लावायचे म्हटले तर तिसरा भाग सर्वांत आधी पाहावा लागेल, आणि मग कशाचा कशाशी संबंध लागणार नाही. काळाचा प्रवास ज्या मालिकेत आहे, तेथे कथेचा कालक्रम हा शब्दच निरर्थक होतो.

मार्व्हलची मालिका ‘आयर्न मॅन’पासून २००८ साली सुरू झाली, २०१९ चा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा तिच्यातील बाविसावा चित्रपट. प्रत्येकी दोन तास धरले तरी चव्वेचाळीस तास होतात. काही रसिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘कॅप्टन अमेरिका’ (२०११) आधी आणि १९९५ सालात घडणारा ‘कॅप्टन मार्व्हल’ (२०१९) त्यानंतर पाहण्याचा सल्ला देतात. परंतु ‘कॅप्टन मार्व्हल’च्या श्रेयनामावलीमध्ये एक छोटा प्रसंग आहे, तो २०१८ च्या चित्रपटानंतरचा. वीस चित्रपटांचा हिशेब कळण्याआधीच त्याची शिल्लक समोर येते.

‘टर्मिनेटर’मध्ये निराळीच तऱ्हा आहे. १९८४ आणि १९९१ च्या दोन चित्रपटांनंतर आणखी तीन आले. पण २०१९ च्या चित्रपटाने ते तिन्ही बाजूला ठेवून थेट १९९१ च्या कथेला जोड दिली. मधल्या नोंदी जणू रद्दच केल्या. अशा मालिकेत सगळे भाग पाहण्याचा अट्टहास धरू नये. शिवाय ती लहान मुलांसाठी नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील प्रत्येक चित्रपटाला सर्वांसाठी, ७, १३, १६ किंवा प्रौढ असा वयोगट दाखवावा लागतो. क्रमाआधी तो पाहावा.

पावसातील तिसरी संध्याकाळ

बदलापुरातील त्या घरात पहिले दोन आठवडे ठरल्याप्रमाणे पार पडले. इंग्रजी संवाद आजोबांना भरभर कळत नसत. नात चित्रपट थांबवून मराठीत सांगत असे. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस ते नाते उघड झाले, तेव्हा मात्र तिने काही सांगण्याआधीच आजोबांना कळले. कोणी दिवा लावायला उठले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात वडील आणि आजोबा हिशेबापलीकडचे काही बोलत बसले, हे नोकरांनीही पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात उल्हास नदीचे पाणी चढले, दिवसभर पाऊस कोसळला आणि संध्याकाळी वीज गेली. अंधारात आजोबा नातवाला म्हणाले, “आतापर्यंतची गोष्ट तू सांग.” त्याने सांगितली ती घटनांच्या वर्षांप्रमाणे नव्हे, तर जशी त्याला कळत गेली तशी: आधी काय वाटले होते, मग काय निघाले. सांगता सांगता त्या शेवटच्या प्रसंगापाशी त्याचा आवाज खाली आला. एकपासून आरंभ केला असता तर सांगण्याजोगे एवढे त्याच्यापाशी उरले नसते.

चौथ्या आठवड्यात सहावा भाग झाला आणि प्रवेशाचे पत्र अपेक्षेपेक्षा लवकर आले. मुलगी पुण्याला गेली. सहापैकी तीनच चित्रपट झाले होते, पण कथा पुरी झाली होती. आजोबांचा अंदाज खरा ठरला.

घरी ठरवताना

ज्या घरांत असा बेत होत असेल, त्यांनी आधी वयोगट पाहावा, मग उपलब्ध संध्याकाळी मोजाव्यात. प्रथमच पाहणारा एक जरी माणूस घरात असला, तरी प्रदर्शनाच्या क्रमाने जावे. ज्यांनी आधी पाहिले आहे त्यांनी मौन पाळावे. ‘स्टार वॉर्स’साठी चौथा, पाचवा, मग मागील आठवण म्हणून पहिले तीन आणि शेवटी सहावा, असा मधला मार्गही अनेक रसिक सुचवतात; रहस्य त्यातही सुरक्षित राहते, मात्र सहाही संध्याकाळी हाती असल्याची खात्री हवी. कथेच्या कालक्रमाने पाहण्यातही आनंद आहे, पण तो दुसऱ्या वेळचा. सगळे भाग संपवण्यापेक्षा आरंभी बसलेली सगळी माणसे शेवटपर्यंत बसलेली असावीत, हे अधिक महत्त्वाचे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. वहीपूजन आटोपल्यावर उरलेले तीन भाग पाहण्याचे ठरले. आजोबा म्हणाले, “चला, आता खतावणी उघडू या.” त्याच वेळी अंबरनाथहून आत्या आपल्या मुलाला घेऊन आली. त्याने यांतील एकही चित्रपट पाहिला नव्हता. मुलीने ‘भाग पहिला’ लावण्यासाठी रिमोट हाती घेतला, तोच धाकटा पुढे झाला.

“ताई, थांब,” तो म्हणाला. “याचा रोजमेळ व्हायचाय अजून. आधी चौथा लाव.”

आणि सगळे पुन्हा १९७७ पासून पाहायला बसले.