लाटेवरील स्वारी आणि फळीची पाती

लाटेवर फळीनें स्वारी करण्याची हवाई बेटांतील विद्या पुरातन आहे. नऊ फूट किंवा त्याहून लांब फळीच्या थेट नाकावर चालत जाऊन उभें राहणें, हें तींतील एक मोठें कौशल्य. पाहणारास वाटतें, आतां फळी नाकावर बुडणार! परंतु मागून लाटेचें पाणी शेपटावर चढून तें दाबून धरतें, आणि पुढचा भार तोलला जातो. हें शेपूट लाटेंत रोवून ठेवण्याचें काम तळाशीं बसविलेल्या पातीचें, म्हणजे 'फिन'चें. १९३५ सालीं टॉम ब्लेक यांनीं फळीस प्रथम अशी पाती जोडली.

मग ती निवडावी कशी? नाकावर उभें राहणें हाच हेतु असेल, तर एकच, रुंद बुडाची, उभट व सुमारें १० इंच खोल पाती घ्यावी. हलक्या अंगाच्या स्वारास थोडी लहानही पुरते. मागें झुकलेली, निमुळती, लवचिक पाती लांब वळणांस अनुकूल, परंतु शेपटाची पकड ती कमी देते. पाती खांचेंत मागें सरकविली तर स्थैर्य वाढतें. पुढें घेतली तर फळी चटकन वळते.

१९६६ सालीं सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धेंत नाकावरील स्वारीच्या निष्णातांना मागें टाकून नॅट यंग जिंकले, ते अशाच झुकत्या पातीवर, वळणांच्या बळानें. अर्थात् दोन्ही गुण एकाच पातींत पूर्णत्वानें मिळत नाहींत. म्हणून आपणांस काय साधावयाचें आहे, हें आधीं मनाशीं ठरवावें. पाती त्यामागून निवडावी.