किनाऱ्यावरची घराणी – भाग सहावा : पवईचे दोन पट्टेदार

उरणचे करंजा, घारापुरी आणि पलीकडची साष्टी ही तिन्ही बेटे इंग्रजांच्या पदरात एकाच सौद्यात पडली. १७७४च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहात मराठ्यांना या बेटांवर कायमचे पाणी सोडावे लागले. बेटे मिळाली खरी, पण साष्टीत रान माजलेले आणि मुंबईची तोंडे वाढत चाललेली. कंपनीने काढलेला तोडगा कोकणातल्या वाचकाला नवा वाटणार नाही. गावेच्या गावे एखाद्या पैसेवाल्याला पट्ट्याने द्यायची. सारा त्याने भरायचा, लागवड त्याने वाढवायची, कुळांशी काय ते त्यानेच बघायचे. खोतीचीच ही धाकटी बहीण, फक्त साहेबी पोशाखातली.

पवई आणि तिच्या आसपासची गावे १७९९मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांच्याकडे गेली. हा स्कॉटलंडचा माणूस, कंपनीचा डॉक्टर आणि वनस्पतींचा नादी. इकडचे वैद्य कापलेले नाक कातडी लावून पुन्हा उभे करतात, हे लंडनच्या सर जोसेफ बँक्सना कळवणाऱ्यांत स्कॉट होते. त्या कामात चिकटवायला वापरत असलेले द्रव्यही त्यांनी १७९०च्या दशकात बँक्सना पाठवले. मुंबईत सुमारे तीस वर्षे काढून ते विलायतेला परतले. १८२१मध्ये दोन मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाले आणि वाटेतच वारले.

मुलगे मात्र पोचले. रॉबर्ट आणि धाकटा हेलेनस यांनी न्यू साउथ वेल्समध्ये हंटर नदीच्या खोऱ्यात ग्लेंडन नावाची मोठी जमीनदारी उभी केली. मुंबईत जन्मलेला त्यांचा भाऊ अलेक्झांडर वॉकर स्कॉट त्याच नदीच्या मुखाजवळच्या ॲश बेटावर राहिला, म्हणजे बापाप्रमाणे पुन्हा बेटच! त्याच्या मुली हॅरिएट आणि हेलेना यांनी त्या बेटावरची पतंग-फुलपाखरे आणि त्यांचे सुरवंट खाद्यवनस्पतींसकट रंगवले. बापलेकींचे ते पुस्तक १८६४मध्ये निघाले. धाकट्या हेलेनसची मुलगी रोझ स्कॉट स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडली आणि १९०२मध्ये तिच्या प्रांतातल्या बायकांना मत मिळाले. डॉक्टरांच्या मुलीचा मुलगा डेव्हिड स्कॉट मिचेल याने जन्मभर पुस्तके जमवली. त्यातूनच सिडनीची मिचेल लायब्ररी झाली. पवईचे नाव या मंडळींच्या चरित्रांत शोधावेच लागते.

१८२९मध्ये पवई पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. या वयात माणसे जमिनी मुलांच्या नावे करतात; फ्रामजींनी रान तोडायला घेतले. विहिरी खणल्या, रस्ते काढले, ऊस आणि नीळ लावली, रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावली, साखरेचा कारखाना घातला आणि आंब्याची बाग धरली. यातल्या बहुतेक गोष्टींवर हात पोळले तरी चालेल अशी ऐपत त्यांच्यापाशी होती, कारण घराण्याचा पैसा जमिनीतून आलेला नव्हता.

बनाजींचा मूळपुरुष बनाजी लिमजी सुरतेकडून १६९०मध्ये मुंबईत आला. १७०९मध्ये त्याने कोटात बांधलेली अग्यारी आजही चालू आहे. पुढच्या पिढ्यांनी जहाजे काढली, चीनशी व्यापार केला. फ्रामजींचे धाकटे भाऊ रुस्तमजी यांनी तर कलकत्त्यात पेढी थाटली, गोदी घेतली. १८३१मध्ये तिकडे त्यांच्यासाठी बांधलेले ‘सिल्फ’ हे वेगवान गलबत अफू घेऊन चीनला धावत असे. पवईच्या तुतीचे कौतुक करणाऱ्या लिखाणात या गलबताचा उल्लेख सहसा नसतो. तो असायला हवा.

मे १८३८मध्ये फ्रामजींनी पवईचे आंबे आगबोटीने व्हिक्टोरिया राणीला पाठवले. सुएझपर्यंत आगबोट, तिथून वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, मग पुन्हा बोट. पोचेपर्यंत त्या फळांचे काय झाले असेल, याचा अंदाज वाशीच्या बाजारात पेट्या पाठवणारा अलिबाग-श्रीवर्धनचा कुठलाही बागायतदार देईल. पण आंब्याच्या निर्यातीच्या गोष्टी अजूनही याच करंडीपासून सुरू होतात.

शहरात फ्रामजींची आठवण पाण्याशी जोडलेली आहे. धोबी तलाव त्यांनी १८३१मध्ये मोठा खर्च करून नव्याने बांधून दिला. तलाव पुढे बुजवला गेला. त्याची आठवण देणारा दगडी लेख आणि फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट ही इमारत मात्र तिथल्या गर्दीत टिकून आहे. १८४५मध्ये फ्रामजी-रुस्तमजींसह तिघा भावांनी वडील कावसजी बेहरामजी यांच्या नावाने चर्नी रोडजवळ आतशबेहराम हे अग्निमंदिर बांधले. हा घराण्याच्या वैभवाचा माथा म्हणायचा. तीनच वर्षांत कलकत्त्याची युनियन बँक बुडाली. रुस्तमजी तिच्यात गुंतलेले होते. १८५१मध्ये फ्रामजी वारले, पुढच्या वर्षी रुस्तमजी.

पवईत १८९१मध्ये पालिकेने मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून तलाव केला. साष्टीतल्या अशा इस्टेटींच्या साऱ्याच्या सवलती १९५१च्या कायद्याने संपल्या आणि १९५८मध्ये सुरू झालेली आयआयटी पुढे तलावाकाठी आली.

पुढच्या भागात खाडी ओलांडून अलिबागला यायचे आहे. ज्याच्या बागांवरून गावाला नाव पडले असे सांगतात, त्या बेने इस्रायली अलीपासून सुरुवात करू.