अंगठा उमटण्यापूर्वी

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवताना वृद्ध व्यक्तीला कॅमेऱ्यासमोर बसवून तिचे छायाचित्र घेतले जाते आणि अंगठा यंत्रावर टेकवला जातो. उभा जन्म शेतात आणि चुलीपाशी राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्याने ठसा पटकन उमटत नाही, तेव्हा अंगठा पदराला पुसून पुन्हा दाबला जातो. दस्त स्वतःच करून दिल्याची कबुली मिळाली की काम संपते. नोंदणी अधिनियम, 1908 नुसार अधिकाऱ्याने प्रामुख्याने ओळख आणि कबुली यांची खात्री करायची असते. तो मजकूर वृद्धाच्या हिताचा आहे की नाही, हे तपासणे त्या कामात मोडत नाही.

म्हणूनच बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतील भेद सहीपूर्वीच कळणे अत्यावश्यक ठरते. बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता हयातीतच मालकी देऊन टाकणारा दस्त. स्थावर मिळकतीसाठी त्याची नोंदणी सक्तीची असते आणि तो केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र मृत्यूनंतरच अमलात येते, हयातीत कितीही वेळा बदलता येते, त्याची नोंदणी ऐच्छिक असते, परंतु दोन साक्षीदारांच्या सह्या त्यावर लागतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलांना वा नातवंडांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्याने, ‘पुढे वाद नकोत, आत्ताच नावावर करून टाका’ हा घरातला आग्रह सोयीचा वाटतो आणि एका सहीनिशी आईवडील स्वतःच्याच घरात आश्रित होतात.

साठी ओलांडलेल्यांसाठी 2007 च्या ज्येष्ठ नागरिकविषयक अधिनियमातील कलम 23 हा यावरचा उपाय आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत घेणाऱ्याने ती अट मोडल्यास, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचण्यावर भर दिला असला, तरी तोंडी दिलेला शब्द सिद्ध करण्याचे ओझे थकलेल्या जिवावरच येते.

त्यामुळे सांभाळाची अट आणि हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घेतला पाहिजे, आणि मिळकत घेणारा खोलीबाहेर असताना तो मसुदा वृद्धाला त्याच्या बोलीत, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला पाहिजे. त्या वाचनानंतरही जो अंगठा पुढे होतो, त्यालाच खरी संमती म्हणता येते.