संगणकावरचा वेळ वाचवा

मुलांनो, संगणक क्षणात मोठमोठी गणिते करतो. मग त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचा एवढा वेळ का जातो? थोडे निरीक्षण करा. बहुतेक वेळ शोधाशोध करण्यात जातो.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची आज शेवटची तारीख आहे. अर्जासोबत गुणपत्रिका जोडायची आहे. संगणक उघडला, तर 'नवीन', 'नवीन १', 'शेवटचे' अशा नावांच्या फाइली रांगेने उभ्या! यांतली गुणपत्रिका कोणती? म्हणून फाइल ठेवतानाच तिला नीट नाव द्या : 'गुणपत्रिका-२०२५-०४-३०'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असे लिहिले की एका विषयाच्या फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ मात्र देऊ नका. विंडोज ती नावात घेत नाही.

डेस्कटॉप संगणकाला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. यूपीएस जोडलेला नसेल आणि वीज गेली, तर तासाभराचे लेखन नाहीसे होऊ शकते. म्हणून एक परिच्छेद झाला की कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबा. काम जतन होते. कंट्रोल व झेड दाबल्यास चुकून पुसलेले परत येते. कंट्रोल व एफ दाबून लांबलचक मजकुरातला हवा तो शब्द सापडतो. मजकूर उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा, ही सोय लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तयार केली. त्यासाठी कंट्रोलबरोबर सी आणि व्ही या कळा आहेत.

आता खास आपल्या कामाची गोष्ट. आपल्याला उर्दू आणि मराठी दोन्ही लिहावे लागते. एक भाषा उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून. संगणकाच्या सेटिंगमध्ये दोन्ही भाषा एकदा जोडून घ्या. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू करायची असेल, तर कंट्रोल व उजवीकडची शिफ्ट दाबा. मराठीसाठी कंट्रोल व डावीकडची शिफ्ट. फाँट युनिकोडचाच वापरा. जुन्या इनपेजमधले उर्दू किंवा जुन्या फाँटमधले मराठी तसेच ई-मेलमध्ये चिकटवले, तर समोरच्याला भलतीच अक्षरे दिसतात. बिचारा वाचणार काय?

ई-मेल हे पत्रच आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले असे पत्र पाठवले. पत्त्यातले 'ॲट'चे चिन्हही त्यांनीच निवडले. पत्र लिहिताना विषयाची जागा रिकामी सोडू नका. 'अर्ज' एवढेच लिहू नका. 'इयत्ता नववी : शिष्यवृत्तीचा अर्ज' असे लिहा. कार्यालयात रोज कितीतरी पत्रे येतात; तुमचे पत्र आधी उघडावे की नंतर, हे त्या एका ओळीवरून ठरते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी सवय ही : आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा आणि पत्ता अगदी शेवटी भरा. पत्ताच नसेल, तर अर्धवट पत्र चुकूनही जाणार नाही. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल पत्राला थेट जोडता येत नाही. फोटो फार मोठा असेल, तर आधी लहान करून घ्या.

शाळेतला किंवा सायबर कॅफेतला संगणक अनेकांच्या हाताखालचा असतो. तेथे काम संपल्यावर 'साइन आउट' करूनच उठा. नुसती खिडकी बंद केली, तर तुमचे खाते उघडेच राहू शकते आणि नंतर बसणाऱ्याला तुमची सगळी पत्रे वाचता येतात.