माथेरानचा पाऊस व मितिहीन कागदांचें वय

कागदाच्या रंगावरून मितिहीन पत्राचें वय ठरविण्याचा मोह संग्राहकांस वारंवार होतो. कोंकणांतील व देशावरील कागद सारख्याच गतीनें काळवंडतो, हें गृहीत त्यांत दडलेलें असतें. असें गृहीत कसें पारखावें, तें पावसाच्या उदाहरणावरून दाखवितां येतें.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं प्रसिद्धीस आणलेलें माथेरान सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पश्चिमेस, सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. मुंबईचा वार्षिक पाऊस सुमारें २,२०० मिलिमीटर, तर माथेरानचा ५,००० च्या आसपास. यावरून उंचीबरोबर पाऊस वाढतो, असा नियम कोणी बांधील. परंतु महाबळेश्वर व पांचगणी यांच्या उंचींत फारसें अंतर नसतां पूर्वेकडील पांचगणीचा पाऊस निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. येथें दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत : देशावर पाऊस मुळांतच कमी, कीं उंचीमुळें होणारी वाढही तेथें निराळी?

समाश्रयण-पद्धतींत कोंकण बाजूस ० व देश बाजूस १ असा अंक देऊन अनेक ठिकाणांच्या नोंदींवरून पुढील समीकरण बसवितात :

पाऊस = क + ख × उंची + ग × बाजू + घ × (उंची × बाजू)

कोंकणांत दर मीटरमागें वाढ ‘ख’ इतकी, देशावर ‘ख + घ’ इतकी. अर्थात् दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘घ’ मध्यें आहे. त्याची तुलना त्याच्याच प्रमाण त्रुटीशीं करावी. दोन्ही बाजूंचीं गणितें स्वतंत्र करून एकीकडे संबंध सिद्ध झाला व दुसरीकडे नाहीं, एवढ्यावरून भेद सिद्ध होत नाहीं. ‘ग’ हा शून्य उंचीवरील फरक होय. पण समुद्रसपाटीवर देश नाहींच! म्हणून उंची माथेरानच्या ८०० मीटरांपासून मोजावी, म्हणजे ‘ग’ला त्या उंचीवरील फरकाचा अर्थ येतो. तिसरा वर्ग आल्यास सूचक अंकांचे दोन स्तंभ व दोन गुणाकार घेऊन दोन्ही गुणाकार एकत्र पारखावे. दामोदर गुजराती यांनीं १९७० सालीं याच युक्तीवर टिपण प्रसिद्ध केलें होतें.

आतां पावसाच्या जागीं काळेपणा व उंचीच्या जागीं वय घाला. मितियुक्त पत्रांवर प्रथम ‘घ’ तपासावा. कोंकणचा कागद अधिक वेगानें काळवंडत असेल, तर देशाच्या मापानें तो खऱ्याहून जुना ठरेल, आणि नवी नक्कल अस्सल म्हणून रुमालांत बांधली जाईल.